भावोजींची दहा पावलं

माझे भावोजी चहासुद्धा उभ्यानं पितात. म्हणजे एक घोट घेतात, खिडकीशी जातात, परत येतात, कप कुठे ठेवला ते विसरतात आणि ताईलाच विचारतात, "चहा केलास का?" फिटनेस टेस्ट जवळ आली की दरवर्षी हे असंच. पण या वर्षी कहर होता. जेवायला बसले तरी टेबलाखाली टाच ठक ठक ठक चालूच. मी एकदा न राहवून म्हटलं, "भावोजी, खाली शिलाई मशीन बसवलंय का?" तर ताईनं माझ्याकडे असे डोळे वटारले! बरोबर आहे, नवरा तिचा. पण ताट माझं हलत होतं ना.

भावोजी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतात. नट, बोल्ट, ब्रेकचे लायनर, पंख्याचे पट्टे. सहा दिवस तिथे त्यांना कुणी विचारत नाही. सातव्या दिवशी काळा शर्ट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उतरले की बावीस दांडगट माणसं त्यांना "सर, सर" करत मागे धावतात. फुटबॉलचे रेफरी. बावीस वर्षं झाली. या माणसानं एकदा मलाही बाहेर काढलंय, सख्ख्या मेहुण्याला! मी तेव्हा खेळायचो. कडेनं झेंडा घेऊन पळणाऱ्या लाइनवाल्याला जरा दोन शब्द सुनावले, तर यांनी सरळ लाल कार्ड नाकासमोर धरलं. आणि संध्याकाळी घरी जेवताना तोंड वर करून विचारतात, "अजून वाढू का?" मी तीन आठवडे बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही.

आता ही टेस्ट काय असते ते सांगतो. लोकांना वाटतं रेफरी म्हणजे काय, शिट्टी फुंकणारा माणूस. अहो, खेळाडू दमला की बदलतात. रेफरीला कोण बदलणार? पोरं विशीतली, चेंडू या टोकाकडून त्या टोकाला गेला की यांनी मागोमाग पोचायचं, वय काय वाट्टेल ते असो. म्हणून दर वर्षी परीक्षा. आधी छोट्या जोरदार धावा, मग खरी कत्तल. मैदानाभोवती पंचाहत्तर मीटर पळायचं, पुढचे पंचवीस चालायचं, पुन्हा पंचाहत्तर पळायचं. असं चाळीस वेळा. स्पीकरवर शिट्टी वाजते, निघायचं, आणि पुढची शिट्टी वाजायच्या आत पाय रेषेपलीकडे पडायला हवा. एकदा उशीर झाला तर ताकीद. दुसऱ्यांदा झाला की तिथला माणूस झेंडा वर करतो आणि तुमचा खेळ खलास. मग पुढचं वर्षभर मोठ्या मॅचेस नाहीत, शाळकरी पोरांच्या मॅचेसना जायचं.

आणि या वर्षी भावोजींना फायनल मिळणार होती. बावीस वर्षांत एकदाही मिळाली नव्हती. कधी सेमीफायनल, कधी बाकावर बसून बदली खेळाडूंचे नंबर दाखवायचे. या वेळी फुटबॉल असोसिएशनच्या सेक्रेटरींनी स्वतः सांगितलं होतं, टेस्ट पास व्हा, फायनल तुमची. आता सांगा, पायाला भिंगरी लागणार नाही तर काय होणार?

सरावाची जागा डेपोच्या मागचा रस्ता. एका बाजूला बंद पडलेल्या बसगाड्या, दुसऱ्या बाजूला सिमेंटच्या तयार तुकड्यांची लांबलचक कंपाउंडची भिंत. सरळ, सपाट, रहदारी नाही. मी फरशी बसवतो, संध्याकाळी लवकर मोकळा होतो, म्हणून ताईनं मला या कामाला जुंपलं. रेकॉर्ड केलेल्या शिट्ट्यांचा फोन धरून उभं राहायचं आणि "आलात", "नाही आलात" सांगायचं.

पहिल्या दिवशी मी पिशवीतून टेप काढला. "धरा एक टोक, मोजून घेऊ."

भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्यांच्या आईचं नाव काढलं. "टेप? मला?" म्हणाले. आणि खडू घेऊन चालायला लागले. लांब लांब पावलं टाकत, ओठ हलवत.

इथे त्यांची एक गोष्ट सांगायला हवी. फ्री किकच्या वेळी समोरचे खेळाडू भिंत करून उभे राहतात, आणि ती भिंत चेंडूपासून नऊ मीटरच्या थोडी वरच असावी लागते. टेप घेऊन कोण मोजणार? रेफरी दहा लांब पावलं टाकतो आणि सांगतो, इथे. तर आमच्या भावोजींचं पाऊल म्हणजे पाऊल! कधीकाळी, तरुण असताना, असोसिएशनच्या कुणा मोठ्या साहेबानं गंमत म्हणून त्यांची दहा पावलं टेपनं मोजली होती. तंतोतंत भरली. ती गोष्ट मी ताईच्या लग्नापासून ऐकतोय. पाहुणे आले की ऐकवतात. दिवे गेले की ऐकवतात. एकदा दवाखान्यात सलाईन चालू असताना नर्सला ऐकवली. त्यामुळे मी टेप मुकाट्यानं पिशवीत टाकला.

आणि सराव झकास चालला होता. शिट्टी वाजायच्या आधीच भावोजी रेषेपलीकडे. मी ओरडायचो, "आलात!" ते चालता चालता हसायचे. केस पिकले, पण पोट सपाट, छाती पुढे. मला वाटायचं, हा माणूस साठीपर्यंत पळेल.

ताईला मात्र चैन नव्हती. मागच्या वर्षी एका मॅचमध्ये उलटं धावताना भावोजी घसरले होते आणि उजवा गुडघा चांगलाच मुरगळला होता. "बरा झाला," असं ते म्हणायचे, आणि विषय बंद. एक दिवस ताईनं त्यांचे बूट उलटे करून माझ्यापुढे धरले. "बघ. डावा तळ झिजलाय, उजवा नव्यासारखा. हे उजव्यावर भार टाकतच नाहीत."

"अगं, पळतात ना व्यवस्थित," मी म्हटलं.

"तू फोन बघतोस. मी त्यांना जिना चढताना बघते," ती म्हणाली.

मैदानातही एकदा कुरबुर झाली. एका टीममध्ये एक ठेंगणा स्ट्रायकर आहे, सगळे त्याला बुटक्या म्हणतात, टायरच्या दुकानात कामाला असतो. फ्री किक मारावी तर त्यानंच. एका मॅचमध्ये तो म्हणाला, "सर, भिंत जवळ आहे." भावोजी म्हणाले, "मी मोजलीय." तर या पठ्ठ्यानं काय करावं? भर मैदानात स्वतः पावलं मोजायला सुरुवात केली! भावोजींनी पिवळं कार्ड काढलं. मी बाहेरून ओरडलो, "बुटक्या, गप खेळ!" घरी येऊन भावोजी तासभर धुमसत होते. "बावीस वर्षं! आणि हा मला पाऊल शिकवतो!"

टेस्टला आठवडा राहिला होता. त्या संध्याकाळी भावोजी पाण्याची बाटली भरायला वर्कशॉपमध्ये गेले आणि मी रिकामा उभा. फरशीवाला रिकामा उभा राहिला की सांधे मोजतो, ती खोडच असते. समोर कंपाउंडची भिंत होती. तिचा एकेक तुकडा दोन मीटरचा, तसले मी ढीगभर पाहिलेत. उगाच मोजत गेलो, या खडूपासून त्या खडूपर्यंत. सदतीस भरून वर अर्धा यायला हवा होता. चौतीसच आले.

परत मोजले. चौतीस.

घाईघाईनं टेप काढला, दगड ठेवून टोक दाबलं, पळत गेलो. अडुसष्ट मीटर. पंचाहत्तर नाहीच. सात मीटर कमी! महिनाभर हा माणूस सात मीटर कमी पळत होता आणि मी टाळ्या पिटत होतो. पावलं त्यांनी बरोबरच मोजली होती हो, चुकले नव्हते. पाऊलच आखूड झालं होतं. गुडघ्यानं चोरून चोरून कमी केलं होतं, आणि त्याचा धन्याला पत्ता नव्हता.

भावोजी बाटली घेऊन आले. "चल, अजून दहा."

मी मूग गिळून "हो" म्हटलं.

घरी ताईला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. बराच वेळ नळ तसाच वाहत होता.

"सांगितलंस तर त्यांचं मन मोडेल," ती म्हणाली. "नाही सांगितलंस तर तिथे सगळ्यांसमोर मोडतील."

"मग करू काय?"

"मला काय विचारतोस? टेप तुझा, फोन तुझा, महिनाभर डोळे कुठे होते तुझे?" असं म्हणून माझ्यावरच उखडली. आमच्या घराण्यात राग वाटून आलाय, तिला जरा जास्तच.

मी मग एक शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन जुन्या खुणा पाण्यानं पुसल्या आणि टेपनं मोजून नव्या आखल्या. वाटलं, आठवडा आहे, खऱ्या अंतरावर पळतील, अंग सरावेल, कुणाला काही कळायचं नाही. काय अक्कल माझी!

पहिलीच शिट्टी वाजली, भावोजी पळाले, दुसरी वाजली, आणि ते रेषेच्या अलीकडे. थांबले. रेषेकडे पाहिलं. "फोन बिघडलाय," म्हणाले. परत पळाले. परत अलीकडे. बुटांच्या नाड्या सोडून बांधल्या. तिसऱ्यांदा पळाले, चौथ्यांदा. मग माझ्यावर घसरले, "तू शिट्टी लवकर वाजवतोयस!" रेकॉर्डिंग ते, मी काय वाजवणार! तोंड लाल, श्वास लागलेला, पण थांबायचं नाव नाही. पाचव्यांदा आले तेव्हा छातीवर हात ठेवून विचारलं, "मला काही झालंय का रे? ताप आहे का बघ."

माझ्यानं बघवेना. टाळकंच सटकलं. "काही झालेलं नाही तुम्हाला! खुणा चुकीच्या होत्या! महिनाभर! तुमचं पाऊल आखूड पडतंय, भावोजी, पाऊल!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता मारतात. मनात म्हटलं, मारा, पण टेस्टचं काय करायचं ते बोला. भावोजी टेस्टचं काहीच बोलले नाहीत.

"म्हणजे भिंत?" ते म्हणाले.

मला आधी कंपाउंडची वाटली. मग डोक्यात प्रकाश पडला.

"टेप धर," म्हणाले. रस्त्यावर खडूनं एक टिंब काढलं आणि तिथून दहा पावलं चालले, जशी मैदानात चालतात तशी, मान ताठ. मी मोजलं. आठ मीटर तीस. त्यांनी पुन्हा चालून दाखवलं. पुन्हा तेवढंच. फुटबॉलमध्ये एवढ्या फरकानं गोल होतो किंवा भिंतीत अडतो. अख्खा हंगाम प्रत्येक फ्री किकची भिंत जवळ होती, आणि ती जवळ आहे असं म्हणणाऱ्या एकुलत्या एका माणसाला यांनी कार्ड दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गाडी काढ. टायरवाल्याकडे जायचंय."

बुटक्या ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. भावोजींना बघून हात पुसत उठला. भावोजींनी आडपडदा ठेवला नाही. "तुझं कार्ड चुकीचं होतं. भिंत जवळच होती. मी काल मोजली."

बुटक्या गोंधळला. माझ्याकडे पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं. "जाऊ द्या ना सर. झालं ते झालं."

"कधीपासून कळत होतं तुला?"

"सगळ्यांनाच कळत होतं, सर." मग बहुतेक त्याला वाटलं बोलायला नको होतं, पण आता उशीर झाला होता. "सगळ्या कॅप्टन लोकांनी आपसात ठरवलं होतं. सरांचा पाय दुखतोय, दिसतंय, शेवटचं एखादं वर्ष असेल, कुणी बोलायचं नाही. मी पण गप्प होतो. पण त्या दिवशी आम्ही हरत होतो, सर, आणि किक माझी होती."

भावोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस बोललास," एवढंच म्हणाले.

परत येताना गाडीवर मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा कानाशी आवाज आला. "शिव्या चालल्या असत्या रे. बावीस वर्षं खाल्ल्यात, पचतात. पण कीव? बावीस माणसं माझ्यासमोर उभी राहून माझी कीव करत होती, आणि मी मान ताठ करून पावलं मोजत होतो."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

ताई म्हणाली, "डॉक्टरचं सर्टिफिकेट द्या, पुढच्या वर्षी पळा." म्हणाले, "पळणार." मी म्हटलं, "निदान दोन दिवस आराम." म्हणाले, "पळणार." सकाळ-संध्याकाळ खऱ्या खुणांवर पळत होते. कधी पोचायचे, कधी नाही. रात्री ताई गुडघा शेकायची आणि टाच तरीही हलत असायची.

टेस्टच्या दिवशी मी पाण्याची पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला. तीस-पस्तीस रेफरी, बहुतेक विशी-तिशीतले, अंगाला तेल लावल्यासारखे चपळ. रेषेवर झेंडा घेऊन लंब्या उभा होता. लंब्या म्हणजे भावोजींचा जुना लाइनवाला, दोघांनी एकत्र शेकडो मॅचेस केलेल्या, घरी येणारा-जाणारा माणूस. त्याला तिथे बघून मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

छोट्या धावा पार पडल्या. मग फेरे सुरू झाले. शिट्टी, पळा. शिट्टी, चाला. भावोजी पोचत होते. कसे पोचत होते ते त्यांनाच माहीत. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर एकदा उशीर झाला, ताकीद मिळाली. पुढच्या फेरीला पोचले, त्याच्या पुढच्यालाही. उजवा पाय आता उघड उघड ओढत होते. तोंड पांढरं पडलं होतं. मी देवाला नाही, त्या गुडघ्यालाच हात जोडत होतो, बाबा, एवढा वेळ टिक. मोजत मोजत आलो, शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्या.

शिट्टी वाजली तेव्हा भावोजी रेषेच्या अलीकडे होते. एक पाऊलभर. मी पाहिलं. लंब्यानंही पाहिलं, त्याच्या पायाशीच तर रेषा होती. आणि लंब्या खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

मला वाटलं, वाचलो! मुठी आवळल्या मी. चला भावोजी, चला, तीनच!

भावोजी चार पावलं चालले. मग थांबले, वळले आणि परत आले. बाकीचे पुढे निघून गेले.

"झेंडा वर कर," ते लंब्याला म्हणाले.

"जा ना यार," लंब्या खालूनच म्हणाला. "जा पुढे. तीन राहिल्यात."

"मी पोचलो होतो?"

लंब्या उभा राहिला.

"तूही तेच करणार?" भावोजींचा आवाज चढला. मी त्यांना मैदानात इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तूही माझी कीव करणार? वर कर झेंडा!"

स्पीकरवर पुढची शिट्टी वाजली. लंब्यानं झेंडा वर केला. भावोजींनी मान हलवली, जशी खेळाडूनं निर्णय मानल्यावर हलवतात तशी, आणि लंगडत माझ्याकडे आले. मला रडू कोसळलं, सरळ सांगतो. त्यांनीच मला पाणी दिलं, मीच आणलेल्या बाटलीतलं.

फायनल एका तिशीतल्या रेफरीला मिळाली. आम्ही बघायला गेलो नाही. त्या दिवशी घरी सगळे जेवायला बसलो, आणि माझं ताट हललं नाही. इतकी सवय झाली होती की मीच दोनदा टेबलाखाली वाकून पाहिलं. टाच जमिनीला टेकलेली होती.

पुढच्या रविवारी त्यांना शाळकरी पोरांची मॅच होती. मी म्हटलं, सोडतो गाडीवर. खरं म्हणजे मला बघायचं होतं. कडेला आईबाप उभे, पोरं गोंगाट करतायत, भावोजी मध्ये लंगडत फिरतायत, शिट्टी मात्र पहिल्यासारखीच कडक. थोड्या वेळानं गोलपोस्टजवळ फ्री किक मिळाली. पोरांनी भिंत केली, नेहमीसारखी चेंडूच्या नाकावर. भावोजी चेंडूपाशी गेले, मान ताठ केली आणि चालायला लागले, मोठ्यानं मोजत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

कडेनं कुणाचा तरी बाप ओरडला, "ओ रेफरी! दहा असतात, दहा!"

भावोजींनी आणखी एक पाऊल टाकलं, टाचेनं मातीत रेघ ओढली, पोरांना तिच्या मागे ढकललं आणि मग त्या बापाकडे वळले.

"माझी अकरा," ते म्हणाले, आणि शिट्टी फुंकली.